स्की-बोट पारखा ताशी 30 किलोमीटरला

मुलांना स्लॅलम, म्हणजे बोटीमागे दोरी धरून एका स्कीवर डावी-उजवी वळणं घेत पाण्यावरून जाणं, शिकवायचं म्हणून घरच्यांसाठी स्की-बोट घ्यायला गेलं की सहसा दोन गोष्टी दाखवल्या जातात: इंजिनचा हॉर्सपॉवर आणि पूर्ण वेगातली, जवळजवळ सपाट दिसणारी लाट. दोन्ही गोष्टी मोठ्यांच्या कामाच्या. पुरुषांच्या स्लॅलम स्पर्धेत बोट ताशी 58 किलोमीटरपर्यंत जाते, स्त्रियांच्या 55 पर्यंत. आठ-दहा वर्षांचं मूल एका स्कीवर तोल सावरायला शिकतं ते ताशी 25 ते 34 किलोमीटरच्या आसपास, आणि पुढेही बराच काळ 46 च्या आत राहतं. या वेगांना त्याच बोटीमागची लाट उंच, उभी आणि टणक होते. म्हणून बोट पारखायची ती मुलाच्या वेगाला, विक्रेत्याच्या आवडत्या वेगाला नव्हे.

असं का होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढची सगळी निवड त्यावरच ठरते. वेगात असलेली बोट पाण्यावर टेकते ती पाणी खाली ढकलून. 1,400 किलोच्या बोटीचं वजन पाण्याला सतत पेलावंच लागतं, वेग कितीही असो. फरक पडतो तो वेळेचा. ताशी 58 ला बोट एक मीटर अंतर 0.06 सेकंदात ओलांडते. ताशी 28 ला तेवढ्याच अंतराला 0.13 सेकंद लागतात. म्हणजे प्रत्येक मीटरमधलं पाणी दुपटीहून जास्त वेळ दाबलं जातं आणि तितक्याच पटीने जास्त वेगाने खाली जातं. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे मागे सोडलेल्या लाटेतली ऊर्जा ढोबळमानाने चौपट होते. हिशेब ढोबळच आहे, कारण कमी वेगाला वजनाचा काही भाग बोटीच्या तरण्यानेही पेलला जातो. पण वेग उतरला की लाट वाढते, हे त्यातून स्पष्ट होतं.

त्यात भर पडते बोटीच्या कलण्याची. सुमारे सहा मीटर लांबीची बोट ताशी 11 किलोमीटरच्या पुढे ढकलली की ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू लागते. पुढचा भाग वर, मागचा पाण्यात खोल. मग वेग वाढला की ती ही चढण पार करून पाण्याच्या पृष्ठभागावर घसरू लागते. यालाच प्लेनिंग म्हणतात. ताशी 25 ला बऱ्याच बोटी नुकत्याच प्लेनिंगवर आलेल्या असतात, काही तर अजून चढणीवरच असतात. नेमका हाच मुलाच्या शिकण्याचा वेग.

बोटीच्या मागच्या कडेपाशी पाणी तुटतं तिथे एक खळगा राहतो. त्याच्या दोन्ही बाजूंचं पाणी आत कोसळतं, मध्यभागी एकमेकांवर आदळतं आणि वर उसळतं. खळगा भरायला लागणारा वेळ त्याच्या खोलीवर अवलंबून असतो. तेवढ्या वेळात बोट किती पुढे गेली त्यावरून उसळी बोटीमागे किती मीटरवर येणार ते ठरतं. वेग बदलला की ती जागा सरकते. त्यामुळे दोरी तीच ठेवली तरी ताशी 30 ला मूल लाटेच्या एका टप्प्यावर असतं आणि ताशी 46 ला दुसऱ्याच. अनेक स्पर्धा-बोटींवर 16 मीटरच्या दोरीला लाटेच्या मधोमध जो टणक उंचवटा लागतो, तोही अशाच एका जागेचा. 18.25 मीटरच्या लांब दोरीवर तो जाणवत नाही, म्हणून लांब दोरीवर बोट आवडली आणि दोरी एक टप्पा कमी केल्यावर मूल पडू लागलं, असं होतं.

मुलाच्या बाजूने पाहिलं तर 20 सेंटिमीटरची लाट प्रौढाच्या उंचीच्या साधारण नवव्या हिश्श्याएवढी. 120 सेंटिमीटरच्या मुलाच्या ती सहाव्या हिश्श्याएवढी. शिवाय 70-80 किलोचा माणूस लाटेचा माथा कापत जातो, 28 किलोचं मूल त्यावर उडतं. स्लॅलमचा पूर्ण कोर्स 259 मीटरचा. मध्यरेषेपासून 11.5 मीटर बाहेर, आळीपाळीने दोन्ही बाजूंना सहा बॉय, म्हणजे वळसा घालायचे तरंगते गोळे, असतात. एका फेरीत किमान सहा वेळा तरी लाट ओलांडावी लागते. प्रत्येक वेळी माथ्यावर गुडघे ताठ झाले की कंबर वाकते, हात पुढे खेचले जातात, स्कीचं टोक खाली जातं आणि मूल पुढे फेकलं जातं. दोन-तीनदा असं झालं की मूल लाटेआधीच दोरी सैल सोडू लागतं. ही सवय मोडायला नवी स्की शिकण्याहून जास्त कष्ट पडतात. मऊ लाटेला महत्त्व आहे ते या कारणाने, आरामासाठी नव्हे.

आता बोटीकडे. वजन पहिलं. इंजिन मधोमध आणि पंखा फिरवणारा दांडा (शाफ्ट) थेट तळातून बाहेर, अशा रचनेच्या स्लॅलम-बोटी साधारण 1,300 ते 1,500 किलोच्या असतात; नॉटीक, मास्टरक्राफ्ट आणि मालिबू या अमेरिकन कंपन्यांच्या स्पर्धा-बोटी याच घरातल्या. 1980 च्या दशकातल्या काही जुन्या बोटी अकराशे किलोंच्या आसपास होत्या, आणि कमी वेगाला त्यांची लाट आजच्या कित्येक बोटींपेक्षा लहान मुलांना जास्त मानवते. याउलट इंजिन अगदी मागे असलेल्या व्ही-ड्राइव्ह बोटी वेकबोर्ड आणि सर्फसाठी, म्हणजे मोठी लाट काढण्यासाठीच बनवतात. त्या सहज दोन टनांच्या पुढे जातात. बसायला ऐसपैस असल्यामुळे कुटुंबांना त्या भुरळ घालतात. पण एकाच बोटीवर थोरल्याला वेकबोर्ड आणि धाकटीला स्लॅलम शिकवायचं असेल तर नुकसान धाकटीचं होतं.

तळाचा आकार दुसरा. मागच्या कडेपाशी तळ जितका सपाट तितकी बोट कमी वेगाला पाण्यावर टिकते. समुद्रातल्या उसळत्या लाटा कापण्यासाठी बनवलेला खोल व्ही आकाराचा तळ, मागच्या कडेलाही 20 अंशांच्या आसपास उतार असलेला, भरसमुद्रात सुखाचा आणि स्लॅलमला वाईट. पाण्यावर टिकून राहायला त्याला जास्त वेग लागतो. मुंबईत विकायला असलेल्या बऱ्याच स्पीडबोटी याच घडणीच्या आहेत, कारण इथे बोट घेतली जाते ती गेटवेहून मांडव्याला जायला. एकच बोट दोन्ही कामं सारख्याच चोखपणे करणार नाही. कोणतं काम आधी, हे घेतानाच ठरवावं.

मागच्या कडेला आडव्या फळ्या, म्हणजे ट्रिम टॅब असतील तर त्या खाली केल्यावर मागचा भाग उचलला जातो, पुढचा खाली येतो आणि कमी वेगाची लाट दिसण्याइतकी बसते. काही बोटींना उलट काम करणारं फॉइल, म्हणजे पाण्याखालची पात्यासारखी पट्टी, असतं. मालिबूचं वेज हे त्यातलं प्रसिद्ध, मागचा भाग खाली ओढून लाट वाढवणारं. स्लॅलमला ते पूर्ण वर हवं. बॅलास्टच्या, म्हणजे वजन वाढवायला पाणी भरायच्या, टाक्या रिकाम्या हव्यात. 200 लिटरची टाकी भरून राहिली तर 200 किलो मागे बसलेत असं समजा. बोटीच्या तळाशी साचलेलं पाणीही उपसून टाकावं.

माणसं कुठे बसतात याने पडणारा फरक अनेकांना पटत नाही. चौघे मागच्या बाकावर बसले तर 250-300 किलो नेमके चुकीच्या जागी जातात. त्यांतल्या दोघांना पुढच्या बाकावर पाठवा आणि ताशी 30 ला लाट पुन्हा पाहा. सगळे एका बाजूला बसले तर बोट कलते आणि एका बाजूची लाट दुसरीपेक्षा उभी होते. मूल उजवीकडे सहज जातं आणि डावीकडे पडतं, दोष मात्र त्याच्या तंत्राला दिला जातो. पुढे फार वजन टाकलं तर बोट सरळ रेषा सोडून भरकटू लागते, तेव्हा तिथे दोन हलकी माणसं पुरेत.

दोरी बांधण्याची जागा बोटीच्या मध्याजवळच्या खांबावर असावी. वेकबोर्डच्या उंच टॉवरवरून स्लॅलम करू नये; ओढ वरून आली की मुलाची स्की पाण्यात नीट कड धरत नाही.

बोट घेण्याआधीची चाचणी एका सकाळचं काम आहे, आणि तिच्याशिवाय पैसे देऊ नयेत. पेट्रोलची टाकी अर्धी असू द्या (100 लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे 74 किलो), बॅलास्ट रिकामं, चालक, निरीक्षक आणि एक प्रौढ आत. आधी बोट प्लेनिंगवर आणा आणि थ्रॉटल हळूहळू कमी करत जा. पुढचा भाग उचलला जाऊन क्षितिज झाकू लागेल तो वेग लिहून घ्या. तो ताशी 25 च्या खाली असेल तर बोट विचार करण्याजोगी. 30 च्या वर असेल तर मूल लहान असेपर्यंत ती नको. मग 18.25 मीटरची दोरी लावून 25, 28, 31, 34, 37, 40, 43 अशा टप्प्यांनी फेऱ्या करा. स्पर्धेतही वेग तीन-तीन किलोमीटरनेच चढतात. मागे मूल नको, सरावलेला स्कीपटू हवा. त्याच्या पोटरीवर दर 10 सेंटिमीटरला रंगीत चिकटपट्टी गुंडाळा, त्याला आधी दोन लाटांमधल्या पट्ट्यात आणि मग माथ्यावर उभं राहायला सांगा, आणि कॅमेरा खांबाला बांधून एकाच झूमवर चित्रण करा. नंतर चित्र थांबवून मोजता येतं. हेच 16 मीटरच्या दोरीवर पुन्हा करा.

उंचीबरोबर उतार आणि टणकपणाही नोंदवा. बुटकी पण भिंतीसारखी उभी लाट, उंच पण पसरट लाटेपेक्षा वाईट. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्यामुळे ते मऊ लागतं. काचेसारखा गुळगुळीत माथा दिसायला देखणा आणि लागायला कठीण. दोन बोटींची तुलना एकाच दिवशी, एकाच जागी, अर्ध्या तासाच्या आत करा.

वेग धरून ठेवायला जीपीएसवर चालणारं नियंत्रण असावं. मुलाच्या वेगाला हातातल्या थ्रॉटलने दोन-तीन किलोमीटरचा चढउतार सहज होतो, आणि प्लेनिंगच्या सीमेवर तेवढ्याने लाट पार बदलते.

हे सगळं मुंबईच्या पाण्यात कसं बसतं? बंदरात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. सकाळी खोल असलेली जागा सहा तासांनी पंखा चिखलाला लागेल इतकी उथळ होऊ शकते. उथळ पाण्यात लाटही वेगळी वागते, कारण खाली ढकललेल्या पाण्याला सरकायला जागा नसते आणि लाटेच्या वेगावर खोलीची मर्यादा येते; एक मीटर खोलीत ती ताशी 11 किलोमीटरच्या आसपास असते. चाचणी आणि सराव दोन मीटरपेक्षा कमी खोलीत करू नका, आणि भरतीचं वेळापत्रक पाहूनच निघा. दुपारी खारे वारे सुरू झाले की पाणी खवळतं, म्हणून वेळ सकाळचीच. फेरीबोटींचा मार्ग टाळा. त्यांच्या लाटा बराच वेळ विरत नाहीत. दगडी धक्क्याजवळ तुमच्याच बोटीची लाट परत येते. फेरी संपली की बोट जोरात वळवू नये, वेग उतरवून आपल्याच रेषेवरून परतावं. ठाणे खाडीचा काही भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे जाऊच नये. धरणांचं पाणी स्लॅलमला उत्तम, पण तिथे मोटरबोटीला आधी परवानगी लागते. बोटीच्या नोंदणीची चौकशी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे करावी.

समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. त्याने लाटेत म्हणावा असा फरक पडत नाही. फरक पडतो इंजिनला. स्पर्धा-बोटी बहुतेक तळ्यांसाठी बनतात, आणि त्यांच्या इंजिनमध्ये बाहेरचं पाणी थेट फिरत असेल तर खाऱ्या पाण्यात ते आतून गंजतं. बंद शीतकरण, म्हणजे इंजिनमध्ये कूलंट फिरतं आणि समुद्राचं पाणी ते कूलंट फक्त हीट एक्स्चेंजरमध्ये थंड करतं, ही इथली अट समजा. गोड्या पाण्यासाठी लावलेले मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड, म्हणजे बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे तुकडे, समुद्रात झपाट्याने झिजतात. खाऱ्या पाण्यात जस्ताचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे लावावेत. दर फेरफटक्यानंतर गोड्या पाण्याने इंजिन धुवायला दहा-पंधरा मिनिटं राखून ठेवावीत.

हे जमणार नसेल तर मागचा तळ सपाट असलेली पाच-साडेपाच मीटरची, 90 ते 115 हॉर्सपॉवरची आउटबोर्ड (मोटर मागे बाहेर टांगलेली) बोट हा मुंबईत बरा पर्याय. दुरुस्तीला माणूस मिळतो, आणि मोटर आत ओढून घेतली की पुढचा भाग खाली येऊन लाट बसते. यात पंखा उघडा आणि अगदी मागे असतो, म्हणून मूल जवळ यायच्या आधी इंजिन बंद करायचं, न्यूट्रल करून भागत नाही. पंखा तळाखाली असलेल्या बोटीलाही हाच नियम. इंजिन चालू असताना पाण्यात उतरायच्या मागच्या फळीवर कोणी बसू नये. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड तिथे साचतो आणि त्याला वास नसतो.

आणि खांबाला बाहेर आडवा लावायचा दांडा, म्हणजे बूम, बोटीबरोबरच घ्या. त्याला धरून मूल बोटीच्या शेजारी, लाटेच्या बाहेरच्या सपाट पाण्यावर उभं राहतं. ताशी 20-25 ला तिथे तोल आला की मग 18.25 मीटरच्या दोरीवर मागे, आधी दोन स्कींवर सावकाश लाट ओलांडत, आणि नंतर एका स्कीवर.