रस्त्याच्या कामाच्या जागेवरील अपघात

रस्ता बांधताना, खोदताना किंवा रुंद करताना वाहतूक सहसा चालूच ठेवावी लागते. अशा ठिकाणी आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे होणारे अपघात या नोंदीत येतात. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका ‘आयआरसी:एसपी:55’ या पट्ट्याचे चार भाग मानते: पूर्वसूचनेचा, वाहने बाजूला वळवण्याचा, प्रत्यक्ष कामाचा आणि पुन्हा मूळ रस्त्याला लागण्याचा.

या पट्ट्यात पाठीमागून धडक बसण्याचे प्रकार फार. दोन मार्गिकांची एक झाली की रांग लागते आणि तिचे शेवटचे टोक मागे मागे सरकत पहिल्या पाटीच्याही अलीकडे येते. मग भरधाव येणाऱ्याला पाटीआधी थांबलेला ट्रकच दिसतो. ताशी 60 किमी वेगाने वाहन सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. या वेगाला थांबण्यासाठी भारतीय मानकांत 80 मीटर दृष्टिअंतर धरलेले आहे, ताशी 80 किमीला 120 मीटर. खड्ड्याच्या तोंडाशी उभी केलेली पाटी म्हणूनच जवळजवळ निरुपयोगी ठरते. जून 2025 मध्ये इंदूर–देवास मार्गावर अर्जुन बरोदा येथील पुलाच्या कामापाशी प्रचंड कोंडी झाली होती. महामार्गावर अशा रांगेचे शेपूट सर्वांत धोक्याचे असते.

शहरात कारणे वेगळी. इंदूरमध्ये मेट्रोचे खांब रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, तेव्हा दोन्ही बाजूंना उंच पत्रे लागले. पत्र्यांच्या फटीतून पादचारी किंवा स्कूटर एकदम पुढ्यात येते. दोघांनाही एकमेकांचा अंदाज नसतो. दुभाजकातली वाट बंद झाली, की लांबचा वळसा टाळायला लोक उलट्या दिशेने शिरतात. एबी (आग्रा–मुंबई) रोडवर 2013 पासून असलेली बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, हटवण्यास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये मान्यता दिली आणि रेलिंग टप्प्याटप्प्याने निघू लागले. रोजचा रस्ता असा बदलत असताना हात सवयीनेच वळतो. जुने पांढरे पट्टे न पुसता नवे आखले, तर रात्री कोणते पाळायचे हे कळत नाही.

दुचाकीस्वाराला गाडीवाल्यापेक्षा कितीतरी किरकोळ गोष्टी पाडतात: सांडलेली गिट्टी, खरवडलेल्या डांबराची कड, ओली लोखंडी प्लेट, पावसात भरलेला आणि त्यामुळे सपाट भासणारा चर. रात्री दिव्याविना उभा केलेला रोलर किंवा डंपर तर कोणाच्याही जिवावर उठतो.

पोलिसी नोंदीत मात्र कारण बहुधा एकच असते, अतिवेग. ते अनेकदा खरे असले तरी अपुरे आहे, कारण चालकाला वेग कमी करायला कोणी, कुठे आणि किती आधी सांगितले हा प्रश्न त्यात उरत नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 198-अ हा प्रश्न ठेकेदार, सल्लागार आणि संबंधित प्राधिकरणापर्यंत नेते: मानके न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड. पण ते सिद्ध करायला पहिली पाटी किती अंतरावर होती, दिवे लागले होते का, अडथळे कुठे होते, याचे मोजमाप व छायाचित्रे त्याच रात्री घ्यावी लागतात. काम रोज पुढे सरकते आणि अडथळेही त्याबरोबर हलतात.