गोड खाल्ल्याने कुत्र्याला जंत होतात का?

‘कुत्र्याला गोड देऊ नका, जंत होतात.’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, मोबाइलवरही फिरत असतं. गोड टाळलेलं बरंच, पण ते वजन आणि दातांसाठी.

जंत साखरेतून तयार होत नाहीत. त्यांची अंडी किंवा अळ्या शरीरात जाव्या लागतात. गोल जंतांच्या अळ्या तर आईच्या पोटातच पिल्लात उतरतात, पुढे दुधातूनही. म्हणून गुळाचा खडाही न चाखलेल्या पिल्लाला जंत निघतात, आणि पहिला डोस ते साधारण 2 आठवड्यांचं असतानाच देतात.

टेपवर्मची, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताची, वाट आणखी वाकडी. त्याची अंडी पिसवेची अळी खाते. अळीची पिसू होते आणि अंग चावताना कुत्रा ती गिळतो. त्यामुळे जंताची गोळी दिली पण पिसवांचं औषध राहिलं, तर काही आठवड्यांत शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे पुन्हा दिसू शकतात. मग बोल बिचाऱ्या पेढ्याला!

खात्री करायची तर ताजी शी डबीत घालून पशुवैद्याकडे तपासायला न्या. टेपवर्म त्यातही निसटू शकतो, म्हणून ते दाणे स्वतः बघा. पिसवांसाठी कुत्र्याला बारीक फणीने विंचरा आणि पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, पचलेल्या रक्ताची.

औषधाचा डोस वजनावर ठरतो. घरात मांजर असेल तर तेही सांगा, कारण कुत्र्यांच्या पिसवांवरच्या काही औषधांतलं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराच्या जिवावर बेततं.