कर्णमूल ग्रंथीची शस्त्रक्रिया (त्वचेच्या कर्करोगात)

डोके, कपाळ, कान किंवा गालाच्या कातडीचा कर्करोग कानापुढच्या लाळग्रंथीत उतरल्यावर ती ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया. डोक्याची टाळू, कानशील, कानाची पाळी यांकडचा लसिकाद्रव (लिम्फ) या ग्रंथीच्या पोटातल्या लसिकागाठींत, म्हणजे हा द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठींत, येतो, म्हणून रोग कातडीचा आणि गाठ कानाखाली, असे घडते.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे अशी गाठ दिसली की पहिला शब्द निघतो ‘गालगुंड’, आणि लेप लागतो. गालगुंडाची सूज आठ-दहा दिवसांत ओसरते. ही ओसरत नाही, आणि सुरुवातीला बहुधा दुखतही नाही. निपाणी ही तंबाखूची पेठ, त्यामुळे तपासणारा आधी तोंडात बघतो. ते बरोबरच, पण टोपी, पटका उतरवून टाळू आणि कानामागची बाजूही पाहायलाच हवी. वर्ष-दोन वर्षांपूर्वीची न भरलेली जखम किंवा काढलेली ‘चामखीळ’ रुग्ण आपणहून सांगत नाही.

सुईने पेशी काढून निदान होते, स्कॅनने पसारा कळतो. शस्त्रक्रियेतील खरी कसोटी चेहरा हलवणाऱ्या नसेची. ती ग्रंथीतूनच जाते आणि तिथेच तिच्या पाच मुख्य शाखा फुटतात. नस चालू असेल आणि रोगाने वेढलेली नसेल तर एकेक शाखा सोडवून राखतात. तोंड आधीच वाकडे झाले असेल तर बहुधा ती कापावी लागते. मग मानेची किंवा पोटरीची नस जोडता येते. गरजेप्रमाणे मानेतल्या गाठीही काढतात, कातडी गेल्यास मांडीचा किंवा छातीचा भाग आणून लावतात.

आधी आणि नंतर तपासणी एकच: ‘डोळे गच्च मिटा, गाल फुगवा, दात दाखवा.’ बेळगावात हेच कन्नडमध्ये ‘कण्णु मुच्चरी’ (डोळे मिटा) असेही ऐकू येते. रुग्णाला ज्या भाषेत कळते, त्याच भाषेत तोंड वाकडे होण्याची शक्यता सही घेण्याआधी सांगितली पाहिजे. डोळा मिटत नसेल तर थेंब, रात्री पट्टी, कधी पापणीत सोन्याचे वजन. कानाची पाळी बहुधा बधिर राहते. काहींना जेवताना गालावर घाम येतो.

पुढे बहुधा किरणोपचार: आठवड्याला पाच दिवस, साधारण सहा आठवडे. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून रोज ये-जा जमत नाही, उपचार अर्ध्यावर सुटतो. म्हणून किरणोपचार बेळगावात, मिरजेत की कोल्हापुरात, राहायचे कुठे आणि सोबत कोण, हे शस्त्रक्रियेआधीच ठरवावे.