लहानपणीचं आजारपण, औषधं आणि मुलांचे दात : आमच्या मेडिकलमधून पालकांसाठी

काउंटरवर दर दोन दिवसांनी हा प्रश्न येतोच, की अहो ह्या अँटिबायोटिकने दात खराब होतात ना? विचारणाऱ्या आईच्या खांद्यावर बाळ तापाने मलूल पडलेलं असतं आणि मागे सहा-सात जणांची लाईन, मग आमच्याकडून नीट सांगणं होत नाही. म्हणून हा कागद छापलाय, औषधांच्या पिशवीत घालून देतोय, घरी गेल्यावर निवांत वाचा.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, दात तोंडात दिसतो त्याच्या कितीतरी आधी तो हिरडीच्या आत बनत असतो. दुधाचे दात आईच्या पोटातच घडायला लागतात, साधारण चौथ्या महिन्यापासून. आणि सहाव्या वर्षी जी पहिली कायमची दाढ येते, जिला बरेच आईबाबा दुधाचीच समजतात, ती घडायला सुरुवात होते जन्माच्या आसपास आणि तिचा वरचा भाग अडीच-तीन वर्षांपर्यंत तयार होतो. पुढचे वरचे मधले दोन कायमचे दात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून चार-पाच वर्षांपर्यंत. म्हणजे पहिल्या तीन वर्षांत बाळ फार आजारी पडलं तर त्याची खूण सहाव्या-सातव्या वर्षी दिसू शकते, तोवर आपण ते आजारपण विसरूनही गेलेलो असतो.

दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल, ते ज्या पेशी बनवतात त्या दात बाहेर येईपर्यंत संपून जातात, त्यामुळे हाड मोडलं तर जुळतं तसं इनॅमल परत भरून येत नाही. आपल्या पुण्यात जिकडे तिकडे बांधकाम चालू असतं, तर तुम्ही पाहिलं असेल की नव्या स्लॅबला वेळेवर पाणी मारलं नाही तर तो दिसतो बरोबर पण ठिसूळ राहतो. तसंच खूप ताप, वारंवार इन्फेक्शन, वेळेआधी झालेला जन्म, ड जीवनसत्त्वाची कमतरता अशा काळात त्या पेशींचं काम बिघडलं की इनॅमल जाडीला पुरेसं असतं पण आतून कच्चं राहतं, किंवा कधी कधी खड्डे नाहीतर आडव्या रेघा पडतात.

आमच्या धाकटीचं सांगतो. सहाव्या वर्षी दाढ आली तीच पिवळी-तपकिरी डाग घेऊन, कोपरा चुन्यासारखा सुटायला लागला, गार पाणी प्यायली की रडायची आणि दुखतं म्हणून त्या बाजूने ब्रशच करायची नाही. आम्ही सगळा दोष चॉकलेटला आणि तिच्या आजीला दिला, ह्याचं मला अजून वाईट वाटतं. मुलांच्या डेंटिस्टने पहिला प्रश्न केला की वर्षाच्या आत काही मोठं आजारपण झालं होतं का, आणि मग आठवलं, नवव्या महिन्यात न्यूमोनिया, ॲडमिट केलं होतं. ह्या प्रकाराला एमआयएच (मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशन, म्हणजे दाढा आणि पुढच्या दातांचं इनॅमल कच्चं राहणं) म्हणतात, हे नाव २००१ साली युरोपातल्या बालदंतवैद्यांनी दिलं, आणि ह्यात पहिल्या कायमच्या दाढा आणि बऱ्याचदा पुढचे दातही सापडतात. एकच एक कारण नाही. अमॉक्सिसिलिन ह्या अँटिबायोटिकशी संबंध दाखवणारे अभ्यास आहेत, पण मूल आजारी असतं म्हणूनच ते औषध दिलेलं असतं ना, मग बिघाड तापाने की औषधाने हे वेगळं काढणं अवघड आहे. त्यामुळे दातांच्या भीतीने डॉक्टरांनी दिलेला कोर्स अर्धवट सोडू नका, छातीत इन्फेक्शन वाढणं हे डागापेक्षा फार मोठं संकट आहे. आणि स्वतःला दोषही देऊ नका. अशी दाढ लवकर दाखवली तर फ्लोराइडचं व्हार्निश, सीलंट, फिलिंग, फारच ठिसूळ असेल तर स्टीलची कॅप, असं करून वाचवता येते. खर्चाची अडचण असेल तर धनकवडीत भारती विद्यापीठाचं आणि कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला डेंटल कॉलेज आहे, दोन्हीकडे मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे.

मग कुठल्या औषधाला खरंच जपायचं? टेट्रासायक्लिन ह्या अँटिबायोटिकला. ते कॅल्शियमला चिकटून बनत्या दातातच बसतं, दात पिवळा येतो आणि उजेडाने हळूहळू करडा-तपकिरी होतो, घासून जात नाही. म्हणून आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदरपणाच्या उत्तरार्धात ते टाळतात. त्याच घराण्यातलं डॉक्सिसायक्लिन कॅल्शियमला तेवढं चिकटत नाही, स्क्रब टायफससारख्या तापात डॉक्टर थोड्या दिवसांसाठी लहान मुलांनाही देतात, तेव्हा नाव वाचून घाबरून परत आणू नका. मात्र घरात मोठ्यांच्या उरलेल्या गोळ्या अर्ध्या करून मुलांना द्यायच्या नाहीत म्हणजे नाहीत, आम्हीही प्रिस्क्रिप्शनशिवाय देणार नाही.

लोहाच्या ड्रॉप्सने दात काळे पडले म्हणून बरेच जण बाटली बंद करतात. तो काळेपणा वरचा असतो, क्लिनिकमध्ये साफ होतो, ड्रॉपर गालाच्या आत मागच्या बाजूला धरा आणि वर पाणी पाजा, पण लोह चालू ठेवा.

रोजच्या बघण्यातला सगळ्यात मोठा त्रास आम्हाला वाटतो तो गोड सिरपचा. रात्री झोपताना खोकल्याचं औषध पाजतात, मूल तसंच झोपतं, झोपेत लाळ कमी सुटते आणि साखर दातांवर रात्रभर राहते. महिनोन्‌महिने औषध चालू असलेल्या मुलांचे पुढचे दात किडलेले आम्ही पाहतो. डॉक्टरांना विचारून डोस जेवणाबरोबर घेता येतो का बघा, नाहीतर औषधानंतर दात घासा, निदान पाणी तरी पाजा. दुधाच्या बाटलीत औषध कालवू नका. आणि शुगर-फ्री मिळतं का हे आम्हाला विचारा, बरीच औषधं मिळतात. दम्याचा पंप असेल तर स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची नळी) लावून घ्या आणि नंतर चूळ भरायला लावा. फिट्सच्या फेनिटॉइनने हिरड्या सुजून वाढू शकतात, ब्रश नीट करायचा आणि डेंटिस्टला दाखवायचं, गोळी मनाने थांबवायची नाही.

दात येताहेत म्हणून ताप आलाय असं म्हणून थांबू नका, जास्त ताप दात येण्याने येत नाही, डॉक्टरांकडे न्या.

आणि टूथपेस्ट, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांना वाटाण्याएवढी. ह्या वयात मुलं रोज जास्त पेस्ट गिळत राहिली तर त्यातल्या फ्लोराइडने कायमच्या दातांवर पांढरे पट्टे येऊ शकतात.

शेवटी एक विनंती, मुलाची जन्मापासूनची फाईल फेकू नका. काविळीत पेटीत ठेवलं होतं का, किती दिवस ॲडमिट होतं, कुठली अँटिबायोटिक्स झाली, हे डेंटिस्टला दाखवलं की त्यांना डाग कशाचा हे ओळखायला सोपं जातं. कागद हरवले असतील तर नेहमीच्या ग्राहकांची मागची बिलं आमच्या कॉम्प्युटरवर आहेत, दुपारी दोन ते चार गर्दी नसते तेव्हा या, मोबाईल नंबर सांगा, प्रिंट काढून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.