अफूच्या मापाने मोजलेली उत्तेजके

एखाद्या औषधाचे व्यसन लागते की नाही, हे ठरवायला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकाकडे एकच माप होते: अफूचे. मॉर्फिन किंवा हेरॉइन अचानक बंद केले की घाम, उलट्या, जुलाब सुरू होतात, अंग मोडून येते, नाका-डोळ्यांतून पाणी गळते. हे दिसले तर व्यसन, नाही दिसले तर नुसती सवय. अ‍ॅम्फेटामीनसारखे उत्तेजक, म्हणजे झोप उडवून तरतरी आणणारे औषध, बंद करणारा माणूस मात्र झोपतो. दिवसच्या दिवस झोपतो, उठून भरपूर खातो आणि गप्प राहतो. बघणाऱ्याला वाटते, थकला होता, आता सावरतोय. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या उत्तेजकांचेही अवलंबित्व जडते, हे मान्य व्हायला जवळजवळ तीन दशके गेली, त्यामागचे मोठे कारण हे माप होते.

अ‍ॅम्फेटामीन प्रथम तयार केले रुमानियन रसायनशास्त्रज्ञ लाझार एडेलेआनू यांनी, १८८७ साली बर्लिनमध्ये. पुढची चार दशके त्याचा कुणाला काही उपयोग सापडला नाही. दम्यावरच्या एफेड्रिनला स्वस्त पर्याय शोधणाऱ्या गॉर्डन अ‍ॅलेस यांनी १९२९ मध्ये ते स्वतःवर घेऊन पाहिले. १९३० च्या दशकात स्मिथ, क्लाइन अँड फ्रेंच कंपनीने ते चोंदलेल्या नाकासाठी ‘बेंझेड्रिन’ इन्हेलर म्हणून बाजारात आणले. एका इन्हेलरमध्ये सुमारे ३२५ मिलिग्रॅम औषध असे आणि तोंडाने घ्यायचा नेहमीचा डोस होता ५ ते १० मिलिग्रॅम. नळी फोडून आतली कागदी पट्टी चघळली किंवा कॉफीत बुडवली की तिशीहून जास्त गोळ्यांचा ऐवज हाती येई, तोही चिठ्ठीशिवाय. अमेरिकेतल्या एका लष्करी तुरुंगात हा प्रकार सर्रास चालतो, अशी नोंद १९४७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तरीही हे इन्हेलर बिनचिठ्ठीचे विकणे बंद व्हायला १९५९ साल उजाडले.

गोळ्या १९३७ पासून नार्कोलेप्सी (दिवसा अनावर झोप येण्याचा आजार), मेंदूज्वरानंतरचा कंपवात आणि सौम्य नैराश्य यांसाठी दिल्या जाऊ लागल्या. त्याच वर्षी चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्तनाच्या तक्रारी असलेल्या ३० मुलांना बेंझेड्रिन दिल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी १४ मुलांच्या शाळेतल्या कामात ठळक सुधारणा झाली होती. आजच्या एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता या विकाराच्या, औषधोपचाराचे मूळ इथे आहे. लगेच १९३८ मध्ये यंग आणि स्कोव्हिल यांनी नार्कोलेप्सीच्या रुग्णांत बेंझेड्रिनवर असताना संशयभ्रम दिसल्याचे लिहिले. औषधाचा गुण आणि त्याचा धोका असे वर्षभराच्या अंतराने छापले गेले. गुणाचीच चर्चा जास्त झाली, आणि दोष रुग्णाच्या प्रकृतीवर ढकलला गेला: आजार आत दडलेला होताच, औषधाने तो फक्त वर आणला. ही पळवाट पुढे फार वर्षे वापरात राहिली.

मग युद्ध आले. जर्मनीत १९३८ पासून मिळणारे ‘पर्विटिन’, म्हणजे मेथअ‍ॅम्फेटामीन, सैन्यात लाखोंच्या संख्येने वाटले गेले आणि १९४१ मध्ये त्याच देशात अफूच्या कायद्याखाली गेले. जपानमध्ये याच औषधाच्या ‘हिरोपोन’ गोळ्यांचे युद्धानंतर इतके व्यसन पसरले की १९५१ मध्ये खास कायदा करावा लागला. इतरत्र मात्र धडा असा घेतला गेला, की हा प्रश्न युद्धाचा, बेकायदा बाजाराचा आणि बिघडलेल्या तरुणांचा. दवाखान्यातल्या सभ्य रुग्णांचा नव्हे.

आणि दवाखान्यात तर १९५० च्या दशकात या गोळ्यांचा सुकाळ होता. वजन घटवायला, मरगळ घालवायला, घरकामाचा उत्साह टिकवायला त्या लिहून दिल्या जात. अ‍ॅम्फेटामीनने बेचैनी येते म्हणून त्यात बार्बिट्युरेट हे गुंगी आणणारे औषध मिसळलेली गोळी निघाली. अमेरिकेत ती ‘डेक्सामिल’, ब्रिटनमध्ये ‘ड्रिनामिल’. या जोडगोळीने निदान आणखी अवघड केले. ती एकदम सोडली तर बार्बिट्युरेटमुळे फिट येऊ शकत आणि अशी फिट जीवघेणी ठरू शके. बार्बिट्युरेट गेले, जोडी मात्र आजही आहे: दिवसा उत्तेजक आणि रात्री झोप यावी म्हणून दारू किंवा बेंझोडायझेपिन गटातली झोपेची गोळी. उत्तेजक एका दिवसात थांबवता येते, दारू आणि झोपेची गोळी तशी थांबवता येत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत “झोपायला काय घेता?” हे विचारायचे राहिले, की उपचाराचा पहिला आठवडाच धोक्याचा होतो.

दडलेल्या आजाराची पळवाट बंद केली लंडनच्या फिलिप कॉनेल यांनी. १९५८ च्या प्रबंधात त्यांनी अ‍ॅम्फेटामीनमुळे मनोविकृती झालेले ४२ रुग्ण मांडले. छळ होतोय असा भ्रम, आवाज ऐकू येणे, पण वेळ-स्थळाचे भान शाबूत: चित्र स्किझोफ्रेनियासारखेच. फरक एवढाच की औषध लघवीवाटे निघून गेले की बहुतेकांचे भ्रम काही दिवसांत ओसरत. कॉनेल यांनी लघवीतल्या अ‍ॅम्फेटामीनची चाचणी निदानाचा भाग केली. चाचणी न करता कित्येकांवर आजन्म स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसला असणार, हे त्यातून उघड झाले.

मनोविकृती मान्य झाली, व्यसन अजून नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९५७ मध्ये ‘व्यसन’ आणि ‘सवय’ यांच्या वेगळ्या व्याख्या केल्या होत्या. व्यसनात अनावर ओढ, मात्रा वाढवण्याची प्रवृत्ती आणि सहसा शारीरिक अवलंबित्व. सवयीत इच्छा असते पण अनावर नसते, आणि नुकसान मुख्यतः स्वतःचे. उत्तेजके या दोन्हींच्या मधोमध पडत. मात्रा दहा-वीस पट वाढलेली, ओढ अनावर, पण शारीरिक लक्षणांचा रकाना रिकामा. १९६२ मध्ये किलोह आणि ब्रँडन यांनी न्यूकॅसलमधल्या पाहणीवरून अ‍ॅम्फेटामीनच्या व्यसनाचा प्रश्न थेट मांडला. पुढच्या वर्षी ऑसवाल्ड आणि थॅकोर यांनी औषध सोडलेल्या व्यक्तींच्या झोपेचे मेंदूआलेख काढले. स्वप्नांच्या झोपेचे प्रमाण एकदम वाढलेले होते आणि पूर्वपदावर यायला आठवडे लागत होते. रिकाम्या रकान्यात लिहायला काहीतरी सापडले. १९६४ मध्ये समितीने दोन्ही शब्द बाजूला ठेवून ‘औषध-अवलंबित्व’ ही एकच संज्ञा सुचवली आणि प्रत्येक औषधाचा प्रकार वेगळा नोंदवायला सांगितले. त्यात अ‍ॅम्फेटामीन-प्रकाराला स्वतःची जागा मिळाली.

या उशिराची किंमत दवाखान्यात मोजली गेली. नैराश्यासाठी गोळी सुरू केलेला रुग्ण ती सोडतो, तिसऱ्या दिवशी उदास, सुस्त, निरुत्साही होतो. डॉक्टर म्हणतात, मूळ आजार परतला. गोळी पुन्हा सुरू होते, दुपारपर्यंत रुग्ण ताजातवाना, आणि निदान खरे ठरल्यासारखे वाटते. औषध तुटल्याची लक्षणे आणि मूळ आजार यांत ही गल्लत एडीएचडीच्या बाबतीत आजही होते.

कायद्यांनी नंतर वेग घेतला. ब्रिटनमध्ये औषधांचा गैरवापर रोखणारा १९६४ चा कायदा, १९७१ चा संयुक्त राष्ट्रांचा मनोव्यापारी पदार्थांवरचा करार, आणि त्याच वर्षी अमेरिकेत अ‍ॅम्फेटामीन व मिथाइलफेनिडेट दुसऱ्या अनुसूचीत: उत्पादनाला कोटा, एकाच चिठ्ठीवर पुन्हा औषध बंद. मिथाइलफेनिडेट हे सीबा कंपनीतल्या लेआंद्रो पानित्सोन यांनी १९४४ मध्ये बनवलेले औषध. ते ‘रिटालिन’ नावाने १९५४ मध्ये बाजारात आले आणि बरीच वर्षे सौम्य समजले गेले. स्टॉकहोममध्ये १९६५ ते १९६७ या काळात व्यसनी लोकांना उत्तेजके चिठ्ठीवर देऊन पाहण्यात आली. मात्रा रुग्णाच्या मागणीप्रमाणे वाढत गेल्या, गोळ्या मित्रांत वाटल्या गेल्या आणि प्रयोग गुंडाळावा लागला. बेकायदा उत्तेजकाच्या जागी देखरेखीखाली वैध उत्तेजक देण्याची कल्पना त्यानंतर कित्येक वर्षे बदनाम राहिली. वास्तविक अपयश देखरेखीचे होते. कल्पना नीट तपासली गेलीच नव्हती.

निदानाच्या निकषांतली खरी उलथापालथ १९८० नंतरची. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत अवलंबित्वासाठी मात्रा वाढणे किंवा औषध तुटल्याची लक्षणे यांपैकी एक आवश्यक होते. १९८७ च्या सुधारणेत ती अट गेली आणि वर्तन केंद्रस्थानी आले. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ११ निकष आहेत: १२ महिन्यांत २ ते ३ जुळले तर सौम्य, ४ ते ५ मध्यम, ६ किंवा अधिक तीव्र. त्यातली एक तळटीपवजा अट चिठ्ठीवरच्या औषधांसाठी सर्वांत महत्त्वाची: औषध सांगितल्याप्रमाणे, देखरेखीखाली घेत असताना मात्रेची सवय होणे आणि सोडल्यावर त्रास होणे हे दोन निकष मोजायचे नाहीत. म्हणजे ज्या शारीरिक खुणेवर अफूच्या काळात सगळे निदान उभे होते, तीच खूण इथे बाद.

मग मोजायचे काय? औषध संपण्याची तारीख सतत आधी येणे, गोळ्या ‘हरवणे’, एकाहून अधिक डॉक्टर, दीर्घकाळ चालणारी कॅप्सूल नको पण लगेच सुटणारी गोळीच हवी असा आग्रह, संध्याकाळी जादा डोस, आठवड्याच्या गोळ्या तीन दिवसांत संपवून उरलेले चार दिवस झोप, गोळी चुरून नाकाने ओढणे. शेवटची खूण बाकी सगळ्यांहून गंभीर, कारण इथे वेगाला महत्त्व आहे. तोंडावाटे घेतलेले मिथाइलफेनिडेट मेंदूत शिखराला पोहोचायला तासाहून जास्त वेळ घेते. शिरेतून घेतले तर काही मिनिटे. डोपामीन या मेंदूतल्या रसायनावरचा परिणाम दोन्हींत असतो, पण झिंग त्या चढणीच्या वेगाने येते. २००७ मध्ये आलेले लिसडेक्सअ‍ॅम्फेटामीन याच विचारातून घडले: ते रक्तातल्या तांबड्या पेशींत तुटल्यावरच सक्रिय होते, त्यामुळे नाकाने ओढून वेग वाढत नाही. तोंडाने जास्त घेण्याला मात्र ते अडवू शकत नाही.

उलट बाजूचीही चूक होते. लघुकाळ चालणाऱ्या गोळीचा असर उतरताना तास-दोन तास चिडचिड आणि अस्वस्थता येते. तो उतार आहे, अवलंबित्व नव्हे. डोस अपुरा असलेला एडीएचडीचा रुग्णही वाढवून मागतो. फरक वेळेत आणि वागण्यात दिसतो: उतार रोज ठरल्या वेळी येऊन त्याच संध्याकाळी जातो, औषध तुटल्याची लक्षणे दिवसेंदिवस राहतात, आणि दीर्घकाळ चालणारा प्रकार दिल्यावर अपुऱ्या डोसवाल्याची मागणी थांबते.

लघवीच्या चाचणीवर डोळे झाकून विसंबू नये. नेहमीच्या अ‍ॅम्फेटामीन पट्टीवर मिथाइलफेनिडेट उमटत नाही. त्यासाठी रिटालिनिक अ‍ॅसिडची, म्हणजे शरीरात त्यापासून बनणाऱ्या पदार्थाची, वेगळी चाचणी लागते. सर्दीवरचे स्यूडोएफेड्रिन, नैराश्यावरचे बुप्रोपिऑन, रक्तदाबावरचे लॅबेटालॉल यांमुळे खोटा होकार येऊ शकतो. आरोप करण्याआधी प्रयोगशाळेतून खात्री करून घ्यावी.

सोडल्यानंतरचा क्रम साधारण ठरलेला असतो. काही तासांत ते दोन-तीन दिवसांत मनःस्थिती कोसळते. प्रचंड थकवा, अतिझोप किंवा निद्रानाश, भीतिदायक स्पष्ट स्वप्ने, भूक. तीव्र टप्पा आठवडा-दहा दिवसांचा, मंद उदासी त्यापुढे आणखी दोन आठवडे किंवा जास्त. जीवाला धोका असतो तो आत्महत्येचा, म्हणून त्या विचारांबद्दल स्पष्ट शब्दांत आणि एकदाच नव्हे तर पुन्हा पुन्हा विचारावे लागते. झोपेला अडवू नये, खाणे-पाणी समोर ठेवावे, नैराश्याचे नवे निदान या काळात करू नये. भ्रम असतील तर थोड्या दिवसांसाठी मनोविकाररोधी औषध. भ्रम महिन्यानंतरही टिकले तर दुसरे कारण शोधायचे. लघवी आम्लधर्मी करून अ‍ॅम्फेटामीन लवकर बाहेर काढण्याची जुनी पद्धत मूत्रपिंडाच्या धोक्यामुळे मागे पडली.

दीर्घ उपचारात सर्वांत भक्कम पुरावा असलेली गोष्ट गोळी नाहीच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हरमाँटमध्ये स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनच्या रुग्णांसाठी बक्षीस-पद्धत आखली: पहिल्या स्वच्छ, म्हणजे कोकेन न सापडलेल्या, लघवीच्या नमुन्याला २.५० डॉलरचे व्हाउचर, पुढच्या प्रत्येकाला १.२५ ने वाढ, सलग तीनला १० डॉलर जादा. एक नमुना चुकला की पुन्हा २.५० वर. पुढे नॅन्सी पेट्री यांनी खर्च कमी करायला बक्षिसासाठी सोडतीच्या चिठ्ठ्या काढण्याची पद्धत आणली. ही पद्धत फसते ती ठरावीक कारणांनी: बक्षीस नमुन्यानंतर लगेच न देता आठवड्याने देणे, रक्कम नगण्य ठेवणे, किंवा दया येऊन चुकलेल्या नमुन्यावर सूट देणे. औषधांपैकी अजून एकालाही या विकारासाठी अधिकृत मान्यता नाही. २०२१ मध्ये मेथअ‍ॅम्फेटामीनच्या रुग्णांत नाल्ट्रेक्सोनचे (अफूजन्य औषधांचा परिणाम रोखणाऱ्या औषधाचे) इंजेक्शन आणि बुप्रोपिऑन एकत्र दिल्यावर १३.६ टक्क्यांना गुण आला, तुलनेसाठी दिलेल्या निष्क्रिय, नुसत्या दिखाऊ औषधावर २.५ टक्क्यांना. फरक खरा, पण माफक.

मूळ एडीएचडी असलेल्या रुग्णाचे काय, हा प्रश्न २०२३ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी हाताळला. अ‍ॅटोमॉक्सेटिनसारखे उत्तेजक नसलेले औषध देता येते. त्याचा पूर्ण असर दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, हे आधीच सांगितले नाही तर रुग्ण दुसऱ्या आठवड्यात जुन्या गोळीकडे वळतो. फायदा जास्त दिसत असेल तर उत्तेजकही नाकारलेले नाही, मात्र दीर्घकाळ चालणारा प्रकार आणि जवळून देखरेख हवी: थोड्या दिवसांपुरत्याच गोळ्या, घरच्या कुणाच्या ताब्यात, मोजणी अधूनमधून न सांगता. अशा रुग्णाला अ‍ॅम्फेटामीन दिले असेल तर त्याचा लघवीचा नमुना कायम होकारार्थी येणार. तेव्हा बक्षीस स्वच्छ नमुन्याशी जोडून चालत नाही. ते गोळ्यांच्या बरोबर मोजणीशी आणि ठरल्या दिवशीच्या हजेरीशी जोडावे लागते.