टॅगचा समानार्थी सुचवताय? आधी ‘पाच’ मोजा

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर प्रश्नाला ‘जेएस’ असा टॅग, म्हणजे विषयाची खूणचिठ्ठी, लावला तरी तो ‘जावास्क्रिप्ट’च होतो. ‘गोलँग’ लिहिलं की ‘गो’. ही करामत समानार्थी टॅगांची. असा समानार्थी आपल्यालाही सुचवता येतो, पण बहुतेकांचं घोडं पात्रतेपाशीच अडतं.

रेप्युटेशन, म्हणजे साइटवर कमावलेले गुण, २५०० हवं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच टॅगखाली दिलेल्या उत्तरांचा एकूण स्कोअर (बाजूची मतं वजा विरोधातली) किमान ५ हवा, ही दुसरी अट मात्र कुणी वाचत नाही. इथे प्रश्नांना मिळालेली मतं धरत नाहीत, फक्त उत्तरांची धरतात. पायथॉनवर दहा हजार कमावलेला माणूस एखाद्या छोट्या कोड-लायब्ररीच्या टॅगवर जातो, सुचवायची सोय दिसत नाही, आणि साइट बिघडली म्हणून तक्रार करतो. साइट ठीक आहे हो, तुमचे पाच भरलेले नाहीत.

सुचवणं सोपं. मुख्य टॅगच्या पानावर समानार्थींचा विभाग असतो, तिथे जो टॅग जायला हवा त्याचं नाव घालायचं. दिशा दोनदा तपासा. राहणारा आणि जाणारा यांची अदलाबदल करणारे दर वेळी भेटतात.

मग मतदान. स्कोअर +४ झाला की मंजुरी, –२ झाला की सूचना आपोआप रद्द. मत द्यायलाही त्या टॅगमधले तेच पाच लागतात. गोंधळ सगळ्यात जास्त आडवळणाच्या टॅगांत, आणि तिथेच पात्र माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी! चार मतं आणायची कुठून? नियम करणाऱ्यांनी याचा विचार केलेला दिसत नाही. अशा वेळी वाट बघत बसू नका. मेटावर, म्हणजे साइटच्याच कारभाराच्या चर्चेच्या विभागात, ‘सिनॉनिम-रिक्वेस्ट’ टॅग लावून मागणी मांडा. साइटवर देखरेख करणारे मॉडरेटर मतांशिवायही समानार्थी जोडू शकतात. तिथे “दोन्ही एकच आहेत” एवढं लिहून भागत नाही. दोन्ही टॅगांतले चार-पाच प्रश्न दाखवा, टॅगची वर्णनं शेजारी ठेवा.

नाकारण्याचं नेहमीचं कारण म्हणजे टॅग दिसायला सारखे, अर्थाने वेगळे. ‘अँग्युलरजेएस’ म्हणजे १.x आवृत्त्या, ‘अँग्युलर’ म्हणजे २ आणि पुढच्या. त्यांना एक करायला निघालात तर चांगलंच ऐकून घ्यावं लागेल. एकाच टॅगचे दोन अर्थ निघत असतील तर समानार्थी हा उपायच नव्हे. प्रश्न एकेक उघडून टॅग बदलावे लागतात. २००० रेप्युटेशनखाली असाल तर असा प्रत्येक बदल आधी तपासणीच्या रांगेत जातो, तेव्हा एका दमात शंभर प्रश्न उपसू नका.

आणखी एक. जुने प्रश्न नव्या टॅगखाली कायमचे हलवायचे तर विलीनीकरण लागतं, आणि ते फक्त मॉडरेटरच्या हातात असतं. समानार्थी नंतर काढून टाकता येतो. विलीन झालेले प्रश्न पुन्हा वेगळे काढता येत नाहीत. म्हणून आधी फक्त समानार्थी मागा.