झोळी, पडशी, टपालाची थैली: लॅपटॉपच्या साइड बॅगेची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे किंवा भुसावळच्या दुकानात मेसेंजर बॅग मागितली, तर बहुधा 'साइड बॅग' म्हणून ती समोर येते. एकच लांब पट्टा, तो डोक्यातून घालून छातीवरून तिरका घ्यायचा, आणि तोंडावर मोठं झाकण. आज तिच्यात दोन किलोचा लॅपटॉप, चार्जर आणि दोन-तीन जाड पुस्तकं कोंबली जातात. मुळात ही बॅग या ओझ्यासाठी बनलेली नाही. ती कुठे फाटते, हे ती कशासाठी बनली होती यावरून कळतं.

आपल्याकडे खांद्यावरून ओझं नेण्याची पद्धत जुनी आहे. झोळी, म्हणजे खानदेशी बोलीतली झोयी, आणि तिच्याहून कसदार पडशी. पडशीला दोन कप्पे असतात. एक छातीकडे, एक पाठीकडे, आणि मधला कापडाचा भाग खांद्यावर. वजन दोन्हीकडे वाटलं जातं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पट्टा आणि पिशवी एकाच अखंड कापडाची, त्यामुळे भार शिवणीवर येतच नाही. कागद-पोथ्यांची सोय वेगळी होती. दप्तरं रुमालात बांधली जात आणि पोथीला वर-खाली लाकडी फळ्या लावून मग कापड गुंडाळलं जाई. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यात वारले. त्यांनी आयुष्यभर जमवलेली जुनी कागदपत्रं असल्याच रुमालांत टिकून राहिली होती. फळी कोपरे सांभाळते आणि कापड धूळ अडवतं. लॅपटॉपच्या कप्प्यात ताठ पत्रा आणि भोवती फोम घालतात, त्यामागेही हाच विचार आहे.

साइड बॅगेचं आजचं रूप मात्र टपालातून आलं. १८५४ मध्ये भारतभर पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर झाला आणि पत्रांची संख्या वाढत गेली. दारोदार पत्रं वाटणाऱ्याला अशी थैली हवी होती, जी खाली न ठेवता, चालता चालता एका हाताने उघडता येईल. रुंद तोंड, पावसासाठी झाकण आणि एकच पट्टा ही सगळी त्या कामाची गरज. थैली खाकी कॅनव्हासची असे.

कॅनव्हास म्हणजे जाड, पिळदार सुताचं दाट विणलेलं कापड. खानदेशचा जुना देशी कापूस आखूड धाग्याचा होता. तलम कापडाला तो पुरा पडत नसे, जाडाभरड्या सुताला चाले. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात इंग्लंडला तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा इथल्या कापसाला भाव आला. पुढे १८७० च्या दशकात जळगावात सूत आणि कापडाची गिरणी उभी राहिली. सुती कॅनव्हासचा एक गुण आजही विसरू नये. भिजल्यावर त्याचा धागा फुगतो, वीण आवळते आणि ताकद कमी न होता वाढते. दोष असा, की ओलं तसंच घडी करून ठेवलं की बुरशी धरून ते कुजतं. म्हणून त्याला मेण चोळायची रीत पडली.

न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात सायकलवरून पाकिटं पोचवणारे कुरिअर वाढले. ग्लोब कॅनव्हास नावाच्या दुकानाच्या थैल्या त्यांच्या पाठीवर दिसू लागल्या. १९८३ मध्ये मॅनहॅटन पोर्टेज आणि १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत टिम्बक्टू या कंपन्या निघाल्या आणि मेसेंजर बॅग दुकानात आली. कापडही बदललं. ड्यूपाँट कंपनीत १९३५ मध्ये तयार झालेल्या नायलॉनपासून पुढे कॉर्ड्युरा हे खरखरीत, घासायला चिवट कापड निघालं. आत प्लास्टिकचं जलरोधक अस्तर आलं. झुरिकच्या फ्रायटाग बंधूंनी १९९३ मध्ये ट्रकच्या जुन्या ताडपत्रीपासून बॅगा शिवायला सुरुवात केली.

इथे एक फरक ध्यानात घ्यावा. सायकलवाला पुढे वाकलेला असतो, म्हणून बॅग त्याच्या पाठीवर आडवी टेकते आणि भार पाठीवर पसरतो. चालणाऱ्याच्या अंगावर तीच बॅग लोंबते आणि सगळा भार पट्ट्याच्या दोन टोकांवर येतो. शिवाय सायकलवाल्याकडे मऊ पाकिटं होती, आपल्याकडे टोकदार कोपऱ्यांचं सपाट, जड सामान. १९८१ चा ऑसबॉर्न १ हा सोबत नेता येणारा संगणक अकरा किलोंचा, तर १९८२ चा मिटणाऱ्या पडद्याचा ग्रिड कंपास पाच किलोंचा होता. त्यांना पेटीच लागे. लॅपटॉप दोन-अडीच किलोंवर उतरल्यावरच तो खांद्यावरच्या बॅगेत गेला.

म्हणून बॅग घेताना कापडावर छापलेला आकडा शेवटी बघावा. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. १,००० डेनियर म्हणजे तेवढ्या धाग्याचं वजन एक किलो. हा आकडा फक्त जाडी सांगतो, धागा कशाचा आहे ते सांगत नाही. नायलॉन घासायला पॉलिएस्टरपेक्षा चिवट, पण उन्हात लवकर दुबळं होतं. बॅग रोज दुचाकीवर, खानदेशातल्या मे महिन्यातल्या उन्हात जाणार असेल, तर ६०० डेनियरचं चांगलं पॉलिएस्टर अनेकदा सरस ठरतं. नायलॉन घ्यायचंच तर शिवणीचा दोरा तरी पॉलिएस्टरचा असावा. पट्टा पॉलिप्रोपिलीनचा असला तर जास्त जपावं. जळगावच्या प्लास्टिकच्या चटयाही याच पदार्थाच्या. गच्चीवर विसरलेली चटई वर्षभरात बोटाने चुरते, तेच या पट्ट्याचं होतं.

बॅग पहिल्यांदा फाटते ती पट्ट्याच्या सांध्यावर. पट्टा किमान ३८ मिलिमीटर रुंद हवा, पुस्तकं रोजची असतील तर ५०. नवारीसारखी घट्ट वीण असावी. त्याचं टोक नुसतं वरून टाचलेलं नको. ते बाजूच्या शिवणीत आत गेलेलं किंवा थेट बॅगेच्या तळाखालून फिरवलेलं असावं. जिथे शिवलंय तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई बघा. टाके इंचाला आठ-दहा पुरे. फार दाट टाके मारले, तर पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची ओळ होते आणि कापड तिथेच सुटतं. लोखंडी कडी असेल तर तिचा जोड वितळवून बंद केलेला हवा. नुसती वाकवलेली कडी हळूहळू उघडते. लटकते, फिरते हूक शक्यतो टाळावेत. ओतीव मिश्रधातूचे असतील तर ते आतून झिजून अचानक तुटतात.

दुसरी जागा तळाचे कोपरे. पुस्तकाचा कोपरा आतून आणि एसटीची फरशी बाहेरून, यांच्यात कापड चेपून घासतं. तळाला दुहेरी कापड हवंच. लॅपटॉपचा कप्पा तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर लटकलेला असावा, म्हणजे बॅग आदळली तरी यंत्र जमिनीला भिडत नाही. आत हात घालून तपासल्याशिवाय हे कळत नाही.

चेनचे दात सहसा टिकतात, आधी झिजतो तो रनर. आठ किंवा दहा नंबरची चेन असेल तर कोणताही बॅग दुरुस्त करणारा रनर बदलून देतो. छपवलेली, बारीक चेन असेल तर अख्खी चेन उसवावी लागते. बॅग उलटी करून शिवणींच्या कडा बघा. त्यांना पट्टीचा गोट नसेल आणि शिवणीबाहेर एक सेंटिमीटरही कापड सोडलेलं नसेल, तर धागे सुटून शिवण निसटणार. आतला चंदेरी किंवा पांढुरका लेप नखाने खरवडून बघा. हा पॉलियुरेथेनचा लेप ऊन आणि दमटपणात चिकट होऊन सुटतो, आणि मग त्याचे कपचे पुस्तकांना चिकटतात. रेक्झिनच्या स्वस्त बॅगाही अशाच सोलतात.

मापं घरून घेऊन जावीत. १५.६ इंच हे पडद्याचं कर्णाचं माप आहे. असा लॅपटॉप साधारण ३६ सेंटिमीटर लांब आणि २५ रुंद असतो, म्हणून कप्पा आतून किमान ३८ × २७ हवा. ओझं भरताना लॅपटॉप अंगाकडे, पुस्तकं बाहेरच्या बाजूला आणि चार्जर वेगळ्या खिशात. चार्जरचा ठोकळा लॅपटॉपच्या झाकणाला टेकला की गर्दीत दाबून पडदा तडकतो. सगळं मिळून पाच किलोंवर जात असेल आणि रोज वीस मिनिटांपेक्षा जास्त चालणं असेल, तर एका खांद्याची बॅग घेऊच नये, पाठीवरची घ्यावी.

नवी बॅग घरी आली की आत पाच किलो दादर ज्वारी पिशवीसकट ठेवून ती पट्ट्याने खुंटीला रात्रभर टांगावी. सकाळी पट्ट्याच्या सांध्याजवळची टाक्यांची भोकं लांबुळकी झालेली दिसली, तर बदलून घ्यावी. दुकानदार ऐकत नसेल, तर ताडपत्री शिवणाऱ्याकडून तिथे आतून कापडाचा जोड देऊन चौकोन-फुलीची शिलाई मारून घ्यावी. त्यांच्या मशीनला जाड दोरा लागतो आणि ते सहा पदरी कापडातूनही सुई सरळ नेतात.